घरात कोणाला डिप्रेशन असेल तर प्रार्थना कशी करायची (आणि कशी नाही)

जय ख्रिस्त. माझ्या मोठ्या भावाला दोन वर्षांपूर्वी डिप्रेशन आणि सोबत अँक्झायटी आहे असं कळलं, तोवर आम्ही सगळे त्याला आळशी समजत होतो. चर्चमध्ये ढोलकी वाजवणारा माणूस अचानक रविवारी उठायचाच बंद झाला. त्या काळात आम्ही घरातल्यांनी प्रार्थना खूप केली आणि चुकाही तेवढ्याच केल्या, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगते. संध्याकाळच्या फॅमिली प्रेयरला आई डोळे मिटून म्हणायची, "प्रभू, याला सकाळी लवकर उठायची बुद्धी दे, याला आईबापाचं दुःख कळू दे." आता ही काय प्रार्थना झाली का? हा देवाला सीसी मध्ये ठेवून मारलेला टोमणा झाला, आणि दादा तिथेच मान खाली घालून बसलेला, आमेन तरी कसं म्हणणार बिचारा. त्यामुळे पहिला नियम हाच की जे तुम्ही त्याच्या तोंडावर बोलणार नाही ते प्रार्थनेतून बोलायचं नाही.

दुसरं, "विश्वास कमी पडतोय" हे वाक्य घरातून हद्दपार करा. बायबलमधलं फिलिप्पै 4:6 चिंता करू नका म्हणतं ते खरंय, पण रात्री तीनला छाती धडधडतेय, हात थरथरतायत अशा माणसाला ते वचन फॉरवर्ड केलं की त्याला एवढंच कळतं की आपण देवाचीही आज्ञा मोडतोय. आणि "नक्की काहीतरी पाप असेल" म्हणणारे नातेवाईक भेटतीलच, तेव्हा योहान 9 काढा, जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता आणि येशू म्हणाला ना याने पाप केलं ना याच्या आईबापाने. खऱ्या ख्रिस्ती माणसाला डिप्रेशन येत नाही असं कोणी म्हणालं तर स्पर्जन या प्रसिद्ध इंग्रज धर्मोपदेशकाचं नाव सांगा. 1856 साली लंडनमध्ये त्याच्या सभेत कोणीतरी आग आग ओरडलं, चेंगराचेंगरीत 7 माणसं गेली, तो 22 वर्षांचा होता, आणि त्यानंतर खिन्नतेचे झटके त्याला आयुष्यभर येत राहिले, तरी पुलपिटवरून तो त्याबद्दल मोकळेपणाने बोलायचा.

मग प्रार्थना करायची कशी? आधी विचारा. "दादा, मी दोन मिनिटं तुझ्याजवळ बसून प्रार्थना करू का?" नको म्हणाला तर नको, स्वयंपाकघरात जाऊन करा, देवाला तिथूनही ऐकू येतं. न विचारता डोक्यावर हात ठेवायचा नाही, आवाज चढवायचा नाही. छोटी करा, अगदी "प्रभू, आजची रात्र दादाला झोप लागू दे, आमेन" एवढी. एक दिवसाचं मागा, कारण आजारी माणसाला पुढचं वर्ष दिसतच नसतं. त्याच्याच्याने प्रार्थना होत नसेल तर राहू दे, जबरदस्ती करू नका, मार्क 2 मधल्या त्या पक्षघाती माणसाला चौघांनी बाजेसकट छप्परातून खाली सोडला, तिथे येशूने *त्यांचा* विश्वास पाहिला असं लिहिलंय. तेव्हा सध्या बाज उचलायचं काम तुमचं.

वाचायचंच असेल तर आनंदाची स्तोत्रं बाजूला ठेवा. आम्ही 13 वं वाचायचो, त्यात "कोठवर?" परत परत येतं. एकदा 88 वं वाचलं, त्याचा शेवट अंधारातच होतो, मी घाबरत घाबरतच वाचलं होतं, पण दादा कितीतरी दिवसांनी स्वतःहून बोलला, "हे बायबलमध्ये आहे?" बस एवढंच, आणि परत भिंतीकडे तोंड केलं.

आता एलीया. 1 राजे 19 जरूर काढून वाचा. कर्मेल डोंगरावर एवढा पराक्रम करून आलेला संदेष्टा एका झुडपाखाली पडून म्हणतो, पुरे झालं, आता माझा जीव घे. देवदूत येतो आणि उपदेश करत नाही, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, परत झोपू देतो, परत उठवून खायला घालतो. आमच्याकडे वहिनीने हेच केलं, "जेवणार का?" विचारायचं बंद केलं (उत्तर कायम नाहीच असायचं) आणि अर्धी भाकरी, दूध, थोडासा गूळ कुस्करून वाटी नुसती बाजूला ठेवून जायची. कधी संपलेली असायची कधी नाही. ती माझ्या मते आमच्या घरातली सगळ्यात चांगली प्रार्थना होती.

डॉक्टरकडे न्या, आणि हे प्रार्थना करून झाल्यावर नाही तर प्रार्थना करता करता. दोन आठवड्यांपेक्षा जास्त उदासी, झोप भूक गेलेली, कशातच मन नाही, तर सायकियाट्रिस्टला दाखवायचंच. थायरॉइड, बी12 पण तपासून घ्या. गोळ्यांचा फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही, सुरुवातीला मळमळ, अस्वस्थपणा वाटू शकतो, तेव्हा घरचेच आधी घाबरून बंद करतात, तसं करू नका, डॉक्टरला फोन करा. आमच्या ओळखीच्या एकांनी कॉटेज मीटिंगमध्ये (घरगुती प्रार्थनासभेत) साक्ष दिली की मी बरा झालो, आणि त्याच रात्री गोळ्या फेकल्या, मग महिनाभरात परत तेच. जो कोणी प्रार्थनेच्या नावाखाली गोळ्या बंद करा म्हणेल किंवा दुष्टात्मा काढतो म्हणून धरून हलवेल, त्याला चहा पाजा आणि दारापर्यंत सोडून या. प्रेषित पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असंच सांगितलं होतं, विश्वास वाढव असं नाही सांगितलं 🙂

चर्चमध्ये सांगायचं का? दादाला विचारूनच. पाळकसाहेबांना एकट्यांना सांगा, ग्रुपवर टाकायचं असेल तर "एका कुटुंबासाठी" एवढंच, नाहीतर भगिनी मंडळात बातमी आधी पोचते आणि प्रार्थना नंतर. भेटायला येणाऱ्यांनाही दारातच सांगा की दहा मिनिटं बसा आणि सल्ला देऊ नका. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री जमिनीवर गप्प बसले तोवर ठीक होते, तोंड उघडलं तिथे गडबड झाली.

आणि एक गोष्ट टाळू नका. "मी नसलो तर बरं होईल" असं काही बोलला तर सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतायत का. विचारल्याने ते विचार डोक्यात घुसत नाहीत, उलट माणूस बोलतो. आम्ही त्या दिवसापासून गोळ्यांची पाकिटं वहिनीच्या कपाटात कुलपात ठेवली, शेतावरचं फवारणीचं औषधही हलवलं, आणि त्याला एकटं सोडलं नाही. टेलीमानस 14416 हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबर फ्री आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात, घरच्यांनीही लावला तर चालतो. लगेचचा धोका वाटला तर थेट हॉस्पिटल, त्या वेळी उपवास-प्रार्थनेची वाट बघायची नाही.

तुमचं स्वतःचं पण बघा. मला दादाचा भयंकर राग यायचा, आणि राग आला म्हणून परत अपराधी वाटायचं. मी गच्चीवर जाऊन देवाला जे बोलायचे ते इथे लिहिता येणार नाही, पण तिथे बोलल्यामुळे खाली येऊन भाकऱ्या नीट थापता यायच्या.

दादा आता बराच बरा आहे, गोळ्या चालू आहेत. परवा रविवारी चर्चला आला, मागच्या बाकावर बसला, दुसऱ्या गाण्याला उठून बाहेर गेला आणि गाडीजवळ उभा राहिला. आईने माझ्याकडे बघितलं, मी नाही म्हणून मान हलवली, आणि ती परत गायला लागली.