घरात वड लावलाय? मग या चुका टाळा

गिरगावातल्या आमच्या जुन्या चाळीच्या मागच्या बाजूला पाण्याच्या पाईपच्या सांध्यात एक वडाचं रोप उगवलं होतं, वीतभर उंचीचं, खाली माती म्हणाल तर चमचाभर पण नाही, आणि तरी दर पावसाळ्यात त्याला चार नवी पानं यायचीच. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा मी ते मुळासकट हळूच सोडवून आणलं, भाड्याच्या फ्लॅटमध्ये छान चकचकीत सिरॅमिकच्या कुंडीत लावलं, हॉलच्या कोपऱ्यात टीव्हीशेजारी ठेवलं आणि रोज सकाळी न चुकता पाणी घातलं. तीन आठवड्यांत सगळी पानं गळाली. पाईपवर कुणी विचारत नव्हतं तेव्हा ते झाड मजेत जगत होतं आणि मी जिवापाड जपायला लागल्यावर मरायला टेकलं, हे मला फार लागलं. नंतर ते वाचलं, आज माझ्या खिडकीत आहे, पण कसं वाचलं आणि त्यानंतर नातेवाइकांच्या, शेजारपाजारच्या घरांतल्या वडांचं काय काय बिघडताना बघितलं ते सगळं लिहून ठेवते, कारण चुका जवळजवळ सगळ्यांच्या त्याच त्या असतात.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसू द्या. पक्षी वडाची फळं खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बी भिंतीच्या फटीत नाहीतर दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात पडतं, तिथेच रुजतं. म्हणजे या झाडाचं बालपणच थोडक्या मातीत आणि मधूनमधून तहानेत जातं, त्यामुळे कोरडं राहणं त्याला जमतं. अंधार मात्र जमत नाही. ऊन भरपूर आणि पाणी जपून, एवढं सांभाळलंत तर खालचे निम्मे प्रॉब्लेम तुमच्याकडे येणारच नाहीत.

घेतलंत ते वडच आहे ना?

'वडाचं बोन्साय' म्हणून नर्सरीत जे जाड, फुगलेल्या मुळांचं, बारीक चकचकीत पानांचं झाड विकतात तो बऱ्याचदा वड नसतो, तो फायकस मायक्रोकार्पा असतो, आणि टोकदार, खाली लोंबणाऱ्या पानांचा असेल तर तो फायकस बेंजामिना. आपल्या वडाचं शास्त्रीय नाव फायकस बेंघालेन्सिस, पान तळहाताएवढं, जाड, अंडाकृती, शिरा फिकट उठून दिसणाऱ्या, देठ दणकट. हल्ली हाच वड 'फायकस ऑड्री' अशा नावानेही विकायला येतो, नाव ऐकून परदेशी झाड समजू नका. हे तिन्ही एकाच कुळातले, काळजी साधारण सारखीच, फक्त बेंजामिना जागा बदलली की जास्त रुसतो आणि खऱ्या वडाला ऊन जास्त लागतं.

सगळ्यात मोठी चूक: उजेड

हॉलचा कोपरा, पॅसेज, शू-रॅकच्या वर, बाथरूमच्या दाराशी, या जागा वडाच्या नाहीत. आपल्या डोळ्यांना खोली लख्ख वाटते पण झाडाला तो उजेड पुरत नाही, मग फांदी खिडकीकडे लांबत जाते, दोन पानांमधलं अंतर वाढतं, खालची पानं एक एक करून पिवळी पडतात आणि आपण समजतो पाणी कमी पडलं, की अजून पाणी. साधी परीक्षा करा, दुपारी बाराच्या सुमारास कुंडीच्या जागी हात धरा, सावली ठळक, कडा स्पष्ट दिसल्या तर जागा चांगली, धूसर डाग दिसला तर कामचलाऊ, सावलीच पडली नाही तर तिथे वड ठेवू नका. खिडकीला काळी फिल्म लावलेली असेल तर काचेच्या आत ठेवून उपयोग नाही, ग्रिलमध्ये ठेवा.

आता मुंबईतली एक गोष्ट जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार सोफ्यापर्यंत येतं. पण मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत भर दुपारचा सूर्य मुंबईच्या डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकलेला असतो (शून्य सावलीचा दिवस मे आणि जुलैमध्ये असा दोनदा येतो तो यामुळेच), म्हणजे नेमकं त्या अडीच महिन्यांत दक्षिणेच्या खिडकीत दुपारचं ऊन येत नाही आणि वरून जूनपासून ढग. डिसेंबरात जी जागा उत्तम होती तीच जागा जूनमध्ये अंधारी होते, झाड पानं टाकतं, आणि लोक म्हणतात कीड लागली. त्या दिवसांत कुंडी काचेच्या अगदी जवळ किंवा ग्रिलमध्ये आणा आणि पाणी निम्म्यावर आणा. दुसरं काही करायचं नाही. ग्रिलमध्ये ठेवताना कुंडी तारेने घट्ट बांधायची, जून-जुलैचा वारा वरच्या मजल्यांवर काय करतो ते सांगायला नको, खाली माणसं चालत असतात.

सावलीत राहिलेलं झाड एकदम एप्रिलच्या उन्हात ठेवलंत तर पानांवर तपकिरी कोरडे चट्टे पडतील. आधी सकाळचं तासभर ऊन, मग वाढवत दोन-तीन आठवड्यांत पूर्ण ऊन.

पाणी

रोज ठरवून पाणी घालणं हीच ती चूक, मी केलेली. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, ओल लागली तर तांब्या परत ठेवा. बोट घालायला नको वाटत असेल तर उदबत्तीची जळून उरलेली काडी खोल खुपसा, पाच मिनिटांनी काढा, माती चिकटून आली तर थांबा. पाणी द्यायचं तेव्हा मात्र खालच्या भोकातून निथळेपर्यंत द्यायचं, घोट घोट नाही. माझ्या दहा इंची कुंडीला एप्रिल-मेमध्ये तीन-चार दिवसांनी लागतं आणि पावसाळ्यात कधीकधी दहा-बारा दिवस लागत नाही, पण हे माझ्या खिडकीचं झालं, तुमचं काडी सांगेल.

भोक नसलेली कुंडी नकोच. सिरॅमिकची आवडत असेल तर झाड साध्या भोकाच्या कुंडीत लावा आणि ती आत बसवा, पाणी घालताना बाहेर काढा. थाळीत साठलेलं पाणी लगेच ओता, मुळं कुजतात हे एक आणि डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतात हे दुसरं.

आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालायची पद्धत बऱ्याच घरांत आहे, पाणी वाचवायची इच्छा चांगलीच आहे पण त्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात, कुंडीत ते साठत जातात, मातीवर आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर येतो, पानांच्या कडा जळल्यासारख्या होतात. ते पाणी लादी पुसायला वापरा. एसीच्या पाईपचं पाणी चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतातच. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर महिन्यातून एकदा भरपूर साध्या पाण्याने माती धुऊन निथळवा. आणि एसीचा थेट झोत झाडावर नको, पानं एका बाजूने वाळून गळतात.

माती आणि नर्सरीतला तो लाल गोळा

मुंबईत येणारी बरीच झाडं ट्रकने आंध्रातल्या कडियमहून नाहीतर पुण्याजवळच्या उरुळी कांचनहून येतात, मुळांभोवती चिकट लाल मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच ठेवून बाहेरून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलं तर पाणी गोळ्याच्या बाजूने निघून जातं, आतली माती एकतर दगडासारखी कोरडी राहते नाहीतर एकदा भिजली की वाळतच नाही. आणल्यावर पंधरा-वीस दिवस झाडाला हात लावू नका, नव्या जागेची सवय होऊ द्या, या काळात थोडी पानं पडणारच, घाबरायचं नाही. मग गोळा बादलीत भिजवून बोटांनी निम्मी माती हलकेच सोडवा आणि नव्या मिश्रणात लावा. मी दोन भाग लाल माती, एक भाग गांडूळखत, एक भाग जाड रेती आणि एक भाग विटांचे बारीक तुकडे घेते. कोकोपीट पावसाळ्यात आठवडाभर ओलं राहतं म्हणून वडाला मी ते वापरणं बंदच केलंय. कुंडी आधीच्यापेक्षा दोन इंचच मोठी घ्या, 'पुढे वाढेल' म्हणून टब घेऊ नका, जास्तीच्या मातीत ओल राहते आणि मुळं गुदमरतात.

वटपौर्णिमेनंतरचे प्रॉब्लेम

हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय कारण दरवर्षी ज्येष्ठात हेच फोन येतात. बाजारात विकायला येणाऱ्या तोडलेल्या फांद्या आणण्यापेक्षा घरच्या कुंडीतल्या वडाची पूजा करणं मला मनापासून पटतं, त्या फांद्यांसाठी रस्त्यावरची झाडं ओरबाडली जातात आणि शहरातलं झाड परवानगीशिवाय तोडण्याविरुद्ध आपल्याकडे 1975 चा कायदा आहे. आमच्याकडे सासूबाईच म्हणाल्या, "अगं घरात वड असताना फांदी कशाला आणायची?" पण पूजेनंतर काय होतं तर गुंडाळलेला दोरा तसाच राहतो. कोवळं खोड जाड होत जातं, दोरा सालीत रुततो, वरच्या भागाचं पोषण अडतं आणि दिवाळीपर्यंत तिथे खोलगट वळ पडलेला दिसतो. दोरा दुसऱ्या दिवशी अलगद कापून काढा. दूध, साखरपाणी, पंचामृत कुंडीत ओतू नका, माती आंबते आणि मुंग्या येतात. वाटीत अर्पण करा, झाडाला साधं पाणी पुरतं. हळदकुंकू खोडाला बोटभर लावलं तर काही बिघडत नाही.

कुणी आणलेली फांदी जगवायची असेल तर कोवळा शेंडा रुजायचा नाही, कुजेल. अंगठ्याएवढा जाड, आठ-दहा इंचांचा तुकडा घ्या, चीक वाहून थांबू द्या, वरची एक-दोन पानं ठेवून बाकी काढा, रेतीच्या मिश्रणात लावून सावलीत ठेवा आणि उपटून उपटून बघू नका. पावसाळ्याची हवा याला सगळ्यात चांगली.

तो पांढरा चीक हाताला लागला तर काहींना खाज येते, पुरळ येतं, आणि सोफ्यावर पडला तर डाग जात नाही. छाटताना हातमोजे घाला, खाली पेपर अंथरा. मांजर, कुत्रा किंवा रांगतं बाळ असेल तर पानं त्यांच्या तोंडात जाणार नाहीत अशी जागा बघा.

कीड, आणि कीड नसलेल्या गोष्टी

कापसासारखे पांढरे पुंजके देठाच्या बेचक्यात दिसले तर मिलीबग. सोबत मुंग्या असतीलच, मिलीबगचा गोड चिकट स्राव खायला त्या येतात आणि त्यांची राखण करतात, म्हणून मुंग्या कुंडीवर चढायला लागल्या की पानं उलटून बघा. कापसाच्या बोळ्याने पुसून काढा, मग एक लिटर पाण्यात 5 मिली नीम तेल आणि दोन-चार थेंब भांडी घासायचं लिक्विड टाकून संध्याकाळी फवारा, दर आठवड्याला, चार वेळा. एकदा फवारून 'गेले' म्हणून सोडलं की अंड्यांतून परत येतात. पानांवर बारीक ठिपके आणि खाली जाळं असेल तर लाल कोळी, ते बंद एसीच्या खोलीत जास्त होतात, पानं नळाखाली धुतली की अर्धं काम होतं.

पानं चमकावी म्हणून खोबरेल तेल किंवा दूध लावू नका, त्यावर धूळ बसते. ओल्या फडक्याने पंधरा दिवसांनी पुसा, रस्त्यालगत किंवा बांधकामाशेजारी राहत असाल तर आठवड्याने.

नवीन पान उघडताना टोकावरचं टोपण तपकिरी होऊन गळतं, तो रोग नाही. नवं पान तांबूस असतं, तेही ठीक. घरात पारंब्या फुटत नाहीत म्हणून बरेच जण नाराज होतात, पण त्यांना दमट हवा आणि वय दोन्ही लागतं, खत घालून त्या येत नाहीत. हावड्याजवळच्या शिबपूरच्या बोटॅनिक गार्डनमधला तो प्रसिद्ध वड, त्याचं मूळ खोड बुरशीमुळे 1925 मध्ये काढून टाकलं तरी पारंब्यांवर आजपर्यंत उभा आहे, पण तो अडीचशे वर्षांचा आणि मोकळ्या जमिनीत. आणि वड रात्री ऑक्सिजन देतो हे व्हॉट्सॲपवरचं खरं नाही, प्रकाशाशिवाय कुठलंच झाड तो बनवत नाही.

सगळी पानं गळली तर

लगेच फेकू नका. नखाने खोडाची साल जराशी खरवडा, खाली हिरवं दिसलं किंवा चीक आला तर झाड जिवंत आहे. कुंडीतून काढा, काळी, मऊ, वास येणारी मुळं स्वच्छ कात्रीने कापा, घट्ट फिकट मुळं ठेवा, लहान कुंडीत कोरडसर मिश्रणात लावा, उजेडात पण कडक उन्हाबाहेर ठेवा. खत नाही. आजारी झाडाला खत देणं, चहाचा चोथा, केळ्याची सालं घालणं यानेच उरलंसुरलं जातं, चोथ्यावर चिलटंही होतात. नवी दोन पानं आली की मगच 19:19:19 हे पाण्यात विरघळणारं खत, लिटरला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा. माझ्या त्या पाईपवरच्या रोपाला पहिला कोंब यायला सात आठवडे लागले, तेवढे दिवस मी फक्त काडी खुपसून बघत होते.

शेवटची चूक म्हणजे कुंडी गच्चीच्या कठड्याला किंवा डक्टच्या भिंतीला टेकवून वर्षभर विसरणं. भोकातून मुळं बाहेर पडून प्लास्टरच्या चिरेत शिरतात, मग खालच्या मजल्यावर लीकेज आणि सोसायटीची नोटीस. दर महिन्याला कुंडी उचलून खाली बघा, आणि दोन वर्षांनी फेब्रुवारीत झाड काढून बाहेरच्या मुळांचा तिसरा हिस्सा कापा, त्याच वेळी शेंडाही छाटा म्हणजे ते छताला न लागता बाजूने फुटतं. माझा वड असाच साडेचार फुटांवर ठेवलाय, या फेब्रुवारीत त्याची तिसरी छाटणी आहे, विटांचे तुकडे आताच गोळा करून ठेवलेत.