चिठ्ठी दिली, पण मूल पोहोचलं नाही

आशा, सेविका किंवा संस्थेतर्फे गावात नव्यानं काम सुरू करताय त्यांच्यासाठी लिहितेय. मुलाचा दंडघेर ११.५ सेंमीखाली म्हणजे सॅम (अतितीव्र कुपोषण), दोन्ही पायांवर सूज असली तर थांबायचं नाही, हे प्रशिक्षणात झालंच असेल. माझी चूक झाली ती त्याच्या पुढे.

पहिल्याच वर्षी दीड वर्षाच्या एका मुलाचा दंडघेर ११.२ भरला. अंगात ताप, भूक मेलेली. म्हणजे ग्राम बाल विकास केंद्रात भागणार नव्हतं. एनआरसीची, म्हणजे मुलाला दाखल करून घेणाऱ्या पोषण पुनर्वसन केंद्राची चिठ्ठी लिहिली, आईच्या हातात दिली, रजिस्टरला ‘संदर्भित’ शेरा मारला आणि पुढच्या घरी गेले. तीन आठवड्यांनी पाहते तर चिठ्ठी रेशनकार्डाच्या पिशवीत, घडीसुद्धा न मोडलेली. पोर आणखी सुकलेलं. आईला जायचं होतं हो! पण तिथं १४ दिवस राहायचं तर मोठी मुलगी कुणाकडे ठेवायची, शेळ्या कोण सोडणार, सोयाबीनची काढणी कोण करणार? मी यातलं काहीच विचारलं नव्हतं. आणि त्या घरात शब्द सासूचा चालायचा, तिच्याशी तर मी बोललेच नव्हते.

म्हणून चिठ्ठीला हात लावण्याआधी विचारा, ‘तुम्ही नसताना घर कोण बघणार?’ उत्तर मिळेपर्यंत उठू नका. सासू, नवरा समोर असताना बोला. बुडीत मजुरी मिळते हे सांगा, पण ‘लगेच मिळेल’ म्हणू नका. पैसे लांबले की पुढच्या वेळी तुमचं कुणी ऐकत नाही. निघायचा दिवस आणि गाडी तिथंच ठरवा. दुसऱ्या दिवशी फोन करून मूल दाखल झालं का ते बघा, तोवर शेरा मारू नका. चिठ्ठीचा फोटो ग्रुपवर टाकून ‘कळवलं’ म्हणणं मला अजिबात पटत नाही.

कुठल्या घरात कुणाचं चालतं हे सुपरवायझरपेक्षा अंगणवाडीच्या मदतनीस ताईंना जास्त ठाऊक असतं. आधी त्यांच्याजवळ बसा.

सुरुवातीला नकार येतील, घाबरू नका. दार बंद झालं तरी चार दिवसांनी पुन्हा जा, लोक बोलतात. त्या मुलाच्या घरी मी सासूजवळ तासभर बसले. मोठीला चुलतीकडे ठेवायचं त्यांनीच सुचवलं, आणि सकाळच्या एसटीला पिशवी घेऊन त्याच पुढे उभ्या होत्या.