भाजीच्या वाफ्यांना शेणखत घालताना
कृष्णाकाठच्या भारी काळ्या जमिनीत, म्हणजे सांगली-मिरजेपासून वर कराडपर्यंत, परसातल्या भाजीचे यश बियाण्याइतकेच वाफ्यातल्या शेणखतावर अवलंबून असते. ताजे शेण मात्र कधीही घालू नये. जमिनीत कुजताना ते उष्णता निर्माण करते, कोवळी मुळे करपवते आणि तणाचे बीही सोबत आणते. उकिरड्यातले खत किमान सहा महिने मुरलेले असावे. मूठभर घेऊन हातावर चोळावे: शेणाऐवजी ओल्या मातीचा वास आला आणि ढेकळे न राहता चहाच्या भुकटीसारखा चुरा झाला, तर ते तयार समजावे.

उसाच्या या पट्ट्यात हुमणीकडे, म्हणजे शेणखतातून येणाऱ्या मुळे खाणाऱ्या अळीकडे, दुर्लक्ष करणे फार महागात पडते. म्हणून खत उन्हात पातळ पसरून चाळावे आणि अर्धगोल वळलेली, तांबूस डोक्याची पांढरी अळी दिसताच वेचून नष्ट करावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळू नये.

लागवडीच्या पंधरा दिवस आधी जमीन वीतभर खणून, दर चौरस मीटरला २ ते ३ किलो खत मातीत नीट मिसळावे आणि पावसाळ्यात पाणी साचू नये म्हणून सुमारे १ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर उंच गादीवाफा करून हलके पाणी द्यावे. कोंबडीखत तीव्र असल्याने त्याचे प्रमाण बरेच कमी ठेवावे. गाजर-मुळ्याच्या वाफ्यात अर्धवट कुजलेले खत गेल्यास मुळांना फाटे फुटतात. तिथे मागच्या पिकाला घातलेले खतच बहुधा पुरते.