प्रोजेक्टला कुठलं मॉडेल? टेस्टरच्या नजरेतून तुलना

किक-ऑफ मीटिंगमध्ये कुणीतरी विचारतंच, "आपण अजाइल (छोट्या फेऱ्यांत बनवून, दाखवून, सुधारत जाणं) करतोय की वॉटरफॉल (एक टप्पा संपवून मगच पुढचा)?" प्रोजेक्टची अजून धड ओळखही झालेली नसते, तरी अख्खी खोली "अजाइल" म्हणून मोकळी होते. पुढे सहा महिने रोज सकाळी स्टँड-अप (टीमची उभ्याउभ्या छोटी मीटिंग) होतो, बोर्डवर रंगीत चिठ्ठ्या फिरतात आणि टेस्टिंग मात्र शेवटच्या पंधरवड्यात रात्री जागून होतं.

मी टेस्टिंगमधून वर आले, आता डिलिव्हरी बघते. त्यामुळे कुठलंही मॉडेल समोर आलं की माझे दोन प्रश्न ठरलेले असतात. चालतं सॉफ्टवेअर टेस्टरच्या हातात पहिल्यांदा कधी येणार? आणि ते ज्यांच्यासाठी बनतंय, त्यांच्या हातात कधी? या दोन तारखा कागदावर मांडल्या की मॉडेलांमधला फरक आपोआप दिसतो. चौकटी-बाणांच्या आकृत्या प्रेझेंटेशनमध्ये शोभतात, निर्णयाला फारशा कामी येत नाहीत.

तुलनेसाठी एकच प्रोजेक्ट धरू: एखाद्या संस्थेची रजा आणि पगाराची प्रणाली. कर्मचारी रजा टाकतो, वरिष्ठ मंजूर करतो, महिनाअखेरीला त्यावरून पगार निघतो. शिवाय जुन्या सॉफ्टवेअरमधला कित्येक वर्षांचा डेटा नव्यात आणायचा आहे.

मॉडेलचं नाव काढण्याआधी या प्रोजेक्टची जरा उलटतपासणी घ्या. यातलं काय बदलणार आहे आणि बदल ठरवणारा माणूस कोण? चूक प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे लोक वापरत असलेल्या प्रणालीत, गेली तर निस्तरायला काय पडेल? स्क्रीनवरचं बटण चुकलं तर दुपारी हॉटफिक्स (तातडीची दुरुस्ती) टाकता येतो. पगार चुकीचा जमा झाला तर तो परत घेताना माणसं, बँक आणि हिशेब तपासनीस सगळेच आडवे येतात. तिसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत: डेमो बघून "हे असं नको" म्हणायला क्लायंटकडचा जाणकार माणूस दर दोन आठवड्यांनी खरंच तासभर बसणार आहे का? तो नसेल तर स्प्रिंट (कामाच्या ठरलेल्या छोट्या फेऱ्या) कितीही छोटे करा, अभिप्राय येणार कुठून? आणि शेवटी, बाहेरच्या कुणाची मंजुरी लागते का, तेही विचारून ठेवा.

आता मॉडेलं.

वॉटरफॉलला हल्ली शिवीसारखं वापरतात, पण त्याचा इतिहास गमतीशीर आहे. ज्या लेखाकडे बोट दाखवून हे मॉडेल शिकवलं जातं, तो विन्स्टन रॉइस यांचा १९७० सालचा लेख. त्यात वॉटरफॉल हा शब्दच नाही. एकाखाली एक उतरत जाणाऱ्या टप्प्यांची आकृती आहे, पण पाठोपाठ त्यांनी हेही लिहिलंय की असं सरळसोट राबवणं धोक्याचं आहे. कारण अगदी टेस्टरच्या मनातलं आहे: वेळ, साठवण, डेटाची ये-जा या गोष्टी कागदावरच्या विश्लेषणातून बाहेर येऊन प्रत्यक्ष अनुभवाला येतात त्या शेवटच्या टेस्टिंगच्या टप्प्यात, आणि तिथे गडबड निघाली तर डिझाइनपासून मागे जावं लागतं. त्यांचा एक सल्ला तर असा होता की सगळं नवीन असेल तर ते दोनदा करा, आणि क्लायंटच्या हातात दुसरी आवृत्ती द्या. आपण आकृती उचलली, सल्ला तिथेच सोडला.

म्हणजे वॉटरफॉलमध्ये माझ्या दोन्ही तारखा शेवटाला जातात. तरी ते चालतं, पण कुठे, तर जिथे रिक्वायरमेंट (काय हवंय त्याच्या अपेक्षा) खरोखर गोठलेल्या आहेत, तंत्र टीमच्या हाताखालचं आहे आणि काम आटोपशीर आहे. जुना रिपोर्ट तसाच्या तसा नव्या प्लॅटफॉर्मवर न्यायचा असेल, जुना आउटपुट ताडून बघायला समोर असेल, तर त्यासाठी स्प्रिंट प्लॅनिंगचा घाट कशाला घालायचा? टप्पे पाडा, साइन-ऑफ घ्या, संपवा.

व्ही-मॉडेलबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण ते वॉटरफॉलचा धाकटा भाऊ समजून बाजूला टाकलं जातं. डाव्या बाजूला रिक्वायरमेंट, डिझाइन, तपशीलवार डिझाइन असं खाली यायचं, तळाशी कोडिंग, आणि उजवीकडे युनिट (सुटा भाग), इंटिग्रेशन (जोडलेले भाग), सिस्टिम (अख्खी प्रणाली), अॅक्सेप्टन्स (क्लायंटची स्वीकृती) असं टेस्टिंग वर चढायचं. चालता बिल्ड (कोड जोडून तयार केलेली आवृत्ती) इथेही उशिराच मिळतो. फरक असा की डावीकडची प्रत्येक पायरी उतरताना समोरच्या पायरीच्या टेस्ट तेव्हाच लिहायच्या असतात. कोड नंतर येतो, टेस्टर पहिल्या दिवसापासून कामात असतो.

याने काय होतं ते आपल्या प्रणालीत बघा. रिक्वायरमेंटच्या कागदावर ओळ आहे: "रजा मंजूर करण्याचा अधिकार थेट वरिष्ठाकडे राहील." मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या. आता हीच ओळ घेऊन अॅक्सेप्टन्स टेस्ट लिहायला बसा. वरिष्ठ स्वतःच रजेवर असेल तर अर्ज कुणाकडे? अर्ज टाकल्यावर कर्मचाऱ्याची बदली झाली, तर जुना वरिष्ठ की नवा? मंजूर झालेली रजा रद्द केली, पण तोवर त्या महिन्याचा पगार निघून गेला, तर शिल्लक कुठल्या महिन्यात परत येणार? अर्ध्या दिवसाची रजा सुट्टीला चिकटून आली तर? टेस्ट केसमध्ये "अपेक्षित निकाल" नावाचा रकाना असतो आणि तो रिकामा ठेवता येत नाही. तिथे पेन अडलं की समजायचं, रिक्वायरमेंट अर्धवट आहे. एवढं सगळं एकही ओळ कोड न लिहिता बाहेर येतं. क्लायंटकडे हे चार प्रश्न ईमेलने पाठवणं आणि यूएटीमध्ये (क्लायंटच्या वापरकर्त्यांच्या शेवटच्या तपासणीत) हेच चार डिफेक्ट म्हणून निघणं, यातला फरक डिलिव्हरी बघणाऱ्याला सांगायला नको.

म्हणून चुकीची किंमत मोठी आणि नियम आधीच ठरलेले, अशा भागाला मी डोळे झाकून व्ही देते. पगाराचा हिशेब हा तसा भाग आहे.

इन्क्रिमेंटल आणि इटरेटिव्ह हे जोडशब्दासारखे वापरले जातात, पण कामाला बसताना वेगळे ठेवा. इन्क्रिमेंटलमध्ये तुकडे पाडता: आधी रजा, मग हजेरी, मग पगार, प्रत्येक तुकडा पुरता झालेला. इटरेटिव्हमध्ये तोच तुकडा आधी ओबडधोबड बनवून, दाखवून, पुन्हा घासता. काय हवंय ते माहीत आहे पण काम मोठं आहे, तर पहिलं. काय हवंय हेच धूसर आहे, तर दुसरं. बहुतेक टीमना दोन्ही लागतं.

स्पायरल मॉडेल बॅरी बोहेम यांचं, १९८० च्या दशकातलं. दर फेरीत उद्दिष्ट आणि पर्याय मांडायचे, धोके ओळखून ते कमी करायचे, तेवढ्यापुरतं बनवून तपासायचं आणि पुढच्या फेरीचं नियोजन करायचं. पूर्ण स्पायरल राबवणारी टीम आज क्वचित दिसेल; कागदपत्रांचा भार आणि धोके जोखणारी अनुभवी माणसं, दोन्ही छोट्या प्रोजेक्टला झेपत नाहीत. पण त्यातला एक भाग उचलून घ्याच: सगळ्यात जास्त भीती ज्याची वाटते ते आधी करा. आपल्या उदाहरणात ती भीती जुन्या डेटाची. प्लॅनमध्ये डेटा मायग्रेशन (जुना डेटा नव्यात आणणं) नेहमी गो-लाइव्हच्या, म्हणजे प्रणाली प्रत्यक्ष सुरू होण्याच्या, आदल्या आठवड्यात दिसतं, कारण घटनाक्रमात ते शेवटी येतं. पहिल्याच महिन्यात खऱ्या डेटाची एक प्रत मागून घ्या, नावं-खाते क्रमांक झाकलेली चालेल, आणि ती नव्या टेबलांत ओतून बघा. एकाच कर्मचाऱ्याचे दोन क्रमांक, रिकाम्या रुजू तारखा, वजा शिल्लक, जे काय निघायचं ते तेव्हा निघू दे. मग गो-लाइव्हपर्यंत त्याची आणखी रंगीत तालीम करा, शेवटची पूर्ण डेटावर आणि घड्याळ लावून.

आता सगळ्यांचं लाडकं. अजाइल जाहीरनामा २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात जमलेल्या १७ जणांनी लिहिला. त्याच्या १२ तत्त्वांपैकी माझ्या कामाचं तत्त्व हे की प्रगती मोजायची ती चालत्या सॉफ्टवेअरने. स्क्रम ही त्या छत्राखालची एक चौकट, मुळात जाहीरनाम्याच्याही आधीची. स्प्रिंट जास्तीत जास्त महिन्याचा, आणि शेवटी "झालं" या शब्दाच्या ठरलेल्या व्याख्येत बसणारं काम हातात हवं. माझ्या दोन्ही तारखा इथे पहिल्या स्प्रिंटच्या अखेरीस येतात. निदान यायला हव्यात.

पण टीमचा बोर्ड उघडून बघा. दोन आठवड्यांचा स्प्रिंट, म्हणजे कामाचे दहा दिवस. पहिले आठ दिवस सगळ्या स्टोरी (वापरणाऱ्याच्या उपयोगाचे कामाचे छोटे तुकडे) "डेव्हलपमेंट"च्या रकान्यात. नवव्या दिवशी दुपारी सगळ्या एकदम "टेस्टिंग"मध्ये ढकलल्या जातात. दहाव्या दिवशी डेमो. टेस्टरने बग टाकले की "पुढच्या स्प्रिंटला घेऊ", आणि स्टोरी मात्र "डन". हा दहा दिवसांत कोंबलेला वॉटरफॉल आहे, आणि मूळ वॉटरफॉलपेक्षा वाईट, कारण त्यात निदान टेस्टिंगला स्वतःचा टप्पा होता.

ओळखायची सोपी युक्ती: मागच्या काही स्प्रिंटमध्ये पहिली स्टोरी टेस्टिंगला कितव्या दिवशी आली ते बघा. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत येत नसेल तर स्टोरी मोठ्या आहेत किंवा डेव्हलपर एकेकटे एकेक स्टोरी धरून बसलेत. "वरिष्ठाला मंजुरीची स्क्रीन" ही स्टोरी नाही, अख्खं मॉड्यूल आहे. "वरिष्ठाला प्रलंबित अर्जांची यादी दिसते" ही स्टोरी. ती दोन दिवसांत टेस्टरकडे येऊ शकते. रिग्रेशनचं (जुनं बिघडलं नाही ना, हे तपासण्याचं) ऑटोमेशनही पहिल्या स्प्रिंटपासून चालू ठेवा. नाहीतर दर स्प्रिंटला जुनं तपासण्याचा बोजा वाढत जातो आणि नवं तपासायला वेळच उरत नाही.

कॅनबनचं, म्हणजे कामं बोर्डवर मांडून जमतील तशी पुढे सरकवण्याच्या पद्धतीचं, मूळ टोयोटाच्या कारखान्यातलं. सॉफ्टवेअरमध्ये ते सपोर्ट आणि मेंटेनन्सला सर्वांत चपखल बसतं, कारण तिथे पंधरा दिवसांचं काम आधी ठरवून ठेवताच येत नाही. रकान्यांवर मर्यादा घाला आणि पाळा. टेस्टिंगच्या रकान्याची मर्यादा तीन असेल आणि तीन भरले असतील, तर डेव्हलपरने नवं तिकीट उचलायचं नाही. टेस्टिंगला हात लावायचा. मर्यादा नसलेला बोर्ड म्हणजे नुसती यादी.

"आमचं क्षेत्र कडक नियमांचं, आम्हाला वॉटरफॉलच लागतं" हे वाक्यही बरंच ऐकू येतं. वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरसाठीचं आयईसी ६२३०४ असो की विमानांसाठीचं डीओ-१७८सी, दोन्ही ठराविक एका मॉडेलची सक्ती करत नाहीत. कुठली कामं व्हायला हवीत आणि त्याचा पुरावा कसा दाखवायचा, एवढं ते मागतात. प्रत्येक रिक्वायरमेंटपासून तिच्या टेस्टपर्यंतचा माग दाखवता आला पाहिजे, मग तुम्ही फेऱ्या कितीही मारा. तो माग ऑडिटच्या आधी जुळवत बसण्यापेक्षा स्टोरी बंद करतानाच जोडून ठेवणं स्वस्त पडतं.

तर आपल्या प्रोजेक्टला काय? एकच नाव द्यायचा हट्ट सोडा. पगाराच्या हिशेबाला व्ही, टेस्ट आधी लिहून. अर्ज, मंजुरी, डॅशबोर्ड यांच्या स्क्रीनना स्क्रम, कारण लोकांना काय आवडेल ते दाखवल्याशिवाय कळत नाही. डेटा मायग्रेशनला पहिल्याच महिन्यात स्पायरलसारखी धोका-आधी फेरी. गो-लाइव्ह झाल्यावर टीम कॅनबनवर. सांधे तेवढे जपा: हिशेबाचा भाग आणि स्क्रीन यांच्यामधला इंटरफेस लवकर गोठवा, आणि हिशेबाचा खरा कोड येईपर्यंत स्क्रीनवाल्यांना खोटी उत्तरं देणारा तात्पुरता स्टब द्या. दोन्ही बाजू जोडलेला बिल्ड दर आठवड्याला चालला पाहिजे, मग हिशेब अर्धाच झालेला का असेना.

राहिलं कंत्राट, जे बहुतेक वेळा मॉडेल ठरण्याआधीच सही होऊन आलेलं असतं. किंमत, तारीख आणि स्कोप तिन्ही पक्कं करून वर "अजाइल पद्धतीने" असं लिहिलेलं असेल, तर प्रत्येक डेमोनंतर सुचलेली सुधारणा चेंज रिक्वेस्ट (बदलाची वेगळी औपचारिक मागणी) होते आणि पुढच्या डेमोला क्लायंट गप्प बसायला शिकतो. स्क्रमचा भाग वेगळा काढून त्यासाठी किंमत आणि तारीख पक्की ठेवा, स्कोप प्राधान्यक्रमाने लावलेला ठेवा. बदलाच्या कलमात लिहून घ्या की नवं काम आत आलं तर तितक्याच आकाराचं, अजून सुरू न झालेलं काम बाहेर जाईल, आणि ते कुठलं हे क्लायंटचा ठरवून दिलेला एकच माणूस सांगेल. त्याचं नाव कंत्राटात घाला, पदनाम पुरेसं नाही. क्लायंटच्या खरेदी विभागाला हे कलम सहजी पचत नाही, म्हणून एस्टिमेट पाठवण्याआधीच त्यावर बोलणी सुरू करा.