सोलापूरला लग्नाला जाताय? आधी हळद कधी ते विचारा

सोलापुरात 'लग्न किती वाजता' असं फारसं कुणी विचारत नाही. विचारतात ते 'अक्षता कितीला?' पत्रिका हातात पडली की पाहुणे ती एक वेळ बघतात आणि त्याभोवती सगळा बेत आखतात. जुन्या मित्रांना भेटायला म्हणून जाणाऱ्यांनी मात्र अक्षतेआधी हळदीची वेळ विचारावी. कारण हळद लागली की नवरदेवाला घराबाहेर सोडत नाहीत. शनिवारी रात्री त्याला घेऊन पार्क चौकात बसू, असा बेत करणाऱ्यांचा हमखास पचका होतो: आई नाहीतर आत्या दारातच अडवते, आणि तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

म्हणून रविवारची अक्षता असेल तर शुक्रवारी रात्रीच पोहोचा. पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस रात्री दहाच्या आसपास सोलापुरात असते, मुंबईहून दुपारी सुटणारी वंदे भारत त्यानंतर थोड्या वेळाने. सिद्धेश्वर एक्स्प्रेस मुंबईकरांना सोयीची, झोपून यायचं आणि सकाळी उतरायचं. पुणेकरांनी तिच्या वाटेला जाऊ नये, ती पुण्यात मध्यरात्रीनंतर येते. गाडीने येणार असाल तर पुण्याहून भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ असा सरळ रस्ता आहे, साधारण 250 किलोमीटर. चहा-नाश्त्याला थांबून पाच तास धरा. हैदराबादकडून येणाऱ्यांचाही हाच हायवे, फक्त उलट्या बाजूने.

अडतं ते परतीला. रविवार संध्याकाळची पुण्याकडची तिकिटं सगळ्यांना हवी असतात. रेल्वेचं बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी परतीचं तिकीट काढा, येण्याचं नंतर पाहता येतं. त्याहून बरा मार्ग म्हणजे रविवारची रात्र सोलापुरातच काढायची आणि सोमवारी पहाटेची हुतात्मा किंवा वंदे भारत धरायची. हुतात्माने साडेदहाच्या सुमारास पुण्यात, म्हणजे अर्ध्या दिवसाची रजाही पुरते. आणि जेवणाच्या पंगतीत घड्याळाकडे डोळे लागत नाहीत.

मुक्काम कार्यालयाजवळ घ्यावा असं वाटतं, पण कार्यालयं होटगी रोड, विजापूर रोड, अक्कलकोट रोड अशी चहूकडे पांगलेली आहेत. तुम्ही स्टेशन ते सात रस्ता या पट्ट्यात राहा, तिथून कुठंही रिक्षाने जाता येतं. भाडं बसायच्या आधी ठरवा. खोली घेताना एसीपेक्षा पाण्याची चौकशी आधी करा. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, साठवलेल्या पाण्यावर कारभार चालतो. मित्राच्या घरी उतरलात तर शॉवर विसरा, एक बादली घ्या आणि ती पुरवा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा दुपारी बारा ते चार बाहेर काही ठरवू नका.

तारीख संक्रांतीच्या आसपासची असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. तेव्हा ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची यात्रा, म्हणजे गड्ड्याची यात्रा असते आणि त्यांचाच अक्षता सोहळा संमती कट्ट्यावर होतो. नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे जुन्या गावातले रस्ते बंद, लॉज भरलेले. सोहळा जरूर बघा, पण खोली महिना-दोन महिने आधी घ्या.

आता भेटीचं. ग्रुपवर 'कधी भेटायचं?' असा प्रश्न टाकलात की अकरा जण 'बघू' म्हणतात आणि भेट होत नाही. प्रश्न टाकू नका, ठिकाण आणि वेळ टाका: 'शनिवारी सकाळी साडेआठ, नवरदेवाच्या घरी, नाश्ता आपण नेतोय.' हळदीच्या आधीची ही दोन तासांची जागाच तुमची. मैत्रिणीचं लग्न असेल तर मेंदीची संध्याकाळ धरा. दोन्ही हात अडकलेले, ती तीन-चार तास एका जागी बसलेली. एवढी मोकळी ती पुढे वर्षभर सापडणार नाही. बोलता बोलता एकीने तिला घास भरवायचा, दुसरीने तिचा फोन धरायचा.

बाकीच्यांची मैफल शनिवारी संध्याकाळी. जुन्या टोळीतल्या एखाद्याला पत्रिका गेलेली नसते, हे आधी गुपचूप विचारून घ्या. त्याला या मैफलीला बोलवा, हळदीला ओढून नेऊ नका. त्याचीही पंचाईत, यजमानांचीही.

रविवारी अक्षतेच्या अर्धा तास आधी मांडवात असा. मंगलाष्टकं त्या वेळेवर संपवायची असतात, म्हणून ती आधीच सुरू होतात, आणि 12.35 च्या अक्षतेला 12.35 ला पोहोचणाऱ्याच्या हातातले तांदूळ हातातच राहतात. शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजाच्या लग्नाला जाणार असाल तर जिरं-गूळ एकमेकांच्या डोक्यावर ठेवण्याचा क्षण खरा, तो चुकवू नका. लिंगायतांच्या घरी पानात हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर आली तर तूप मागून घ्या आणि जेवणात तिच्यासाठी जागा ठेवा.

अक्षता पडल्या की सगळे एकदम जेवणाकडे किंवा स्टेजकडे वळतात. दोन्हीकडे रांग. ग्रुप फोटोसाठी नवरदेवाला गाठू नका, त्याच्या हातात काहीच नसतं. करवलीला किंवा फोटोग्राफरला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्ही इतके जण, जेवण झाल्यावर येऊ. पत्रिकेवर 'आहेर स्वीकारले जाणार नाहीत' असेल तर पाकीट पुढे करून यजमानांना अवघडवू नका. नसेल तर सगळ्यांचं मिळून एकच द्या, आणि वर एक रुपया ठेवायला विसरू नका.

खरेदी शनिवारीच उरका. चादरीसाठी चाटी गल्ली. अस्सल सोलापुरी चादर उलटून बघा: नक्षी दोन्ही बाजूंनी विणलेली असते, फक्त रंग उलटे. एकाच बाजूला नक्षी आणि मागे फिकट डाग दिसले तर ती छापील. पहिल्यांदा एकटीच, गार पाण्यात धुवा, कारण रंग सुटतो.

शेंगा चटणी कागदी पुड्यात नेलीत तर पुण्यापर्यंत तेल कपड्यात उतरतं. आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, मग घट्ट झाकणाच्या डब्यात घाला. कडक भाकरी बॅगेत उभी ठेवली की चुरा होतो. दोन भाकऱ्यांमध्ये वर्तमानपत्र घालून चळत करा आणि चादरीच्या घडीत आडवी ठेवा, तेवढा एक उपयोग चादरीचा परतीच्या प्रवासातच होतो. चुरा झालाच तर टाकू नका, ताकात कालवून खा.