महिला हँडबॉल क्लबचा इतिहास लिहायचाय? आधी मुलींची नावं जुळवा

मी गोलकीपर. अकरा वर्षं फक्कीने आखलेल्या मातीच्या मैदानावर खेळले, आता शाळेत मुलींना हँडबॉल शिकवते. आमच्या संघाचा इतिहास लिहायला घेतला तेव्हा सुरुवात कुठून करावी हेच कळेना. म्हणून आधी एका मोठ्या क्लबचा इतिहास वहीत उतरवून काढला: युक्रेनमधल्या कीव्हचा स्पार्ताक. 1969 ते 1988 असं सलग 20 वेळा सोव्हिएत विजेतेपद आणि 13 वेळा युरोपियन चॅम्पियन्स कप. महिला हँडबॉलमध्ये याच्या तोडीचा क्लब झाला नाही, असं माझं ठाम मत आहे. ती वही करताना जे हाताला लागलं ते इथे सांगते. तुमचा क्लब तालुक्याचा असला तरी पद्धत हीच.

करंडकांपासून सुरू करू नका, नावांपासून करा. बायकांच्या क्लबचा इतिहास आडनावापाशी तुटतो. स्पार्ताकची सगळ्यात मोठी खेळाडू झिनाइदा तुर्चिना. तिचं माहेरचं आडनाव स्तोलितेन्को. लग्न झालं ते क्लबचे प्रशिक्षक इहोर तुर्चिन यांच्याशी. तिकडे तुर्चिनसारखं आडनाव बायकांसाठी शेवटी ‘आ’ लावून वापरतात, म्हणून नवरा तुर्चिन आणि बायको तुर्चिना. हे माहीत नसेल तर स्तोलितेन्को नावाची पोरगी अचानक खेळ सोडून गेली आणि तुर्चिना नावाची कुणी नवीन आली, असं वाटतं. बाई एकच!

आपल्याकडे तर याहून अवघड. लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, कधी तांदळात अंगठीने लिहून पहिलं नावही बदललेलं असतं. आमच्या संघातली एक लेफ्ट विंग मला तीन कागदांवर तीन नावांनी सापडली. तिघी वेगळ्या समजून मी खेळाडूंचा आकडा दोनने फुगवला होता. जुळल्या त्या जर्सीच्या नंबरावरून.

म्हणून वहीत प्रत्येकीला एक अख्खं पान द्या. माहेरचं पूर्ण नाव, सासरचं पूर्ण नाव, मैदानावरची हाक, जर्सी नंबर, जागा (विंग, पिव्हट, बॅक, गोलकीपर), पहिला आणि शेवटचा हंगाम. मजकुरात ज्या काळाबद्दल लिहिताय त्या काळातलं नाव वापरा आणि पहिल्यांदा येईल तिथे दुसरं नावही सांगून टाका. स्कोअरशीट मिळाली तर सोन्यासारखी जपा. तिच्यावर नंबर, नाव, गोल, ताकीद, टू मिनिट्स (दोन मिनिटं बाहेर बसायची शिक्षा), सगळं एका ओळीत असतं. आमच्या स्कोअरशीटांचा गठ्ठा कुणीतरी कपाट साफ करताना रद्दीत घातला. जे दोन-चार कागद वाचले ते एकीने पदकाभोवती गुंडाळून ठेवले होते म्हणून. असे गुंडाळलेले कागद उलगडून बघा.

दुसरं काम सालांचं. हंगाम दोन सालांत पसरतो: 1969-70 चा कप 1970 मध्ये जिंकला जातो. एक पद्धत ठरवा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. मग उभा तक्ता आखा, आणि हरलेली वर्षंही त्यात लिहा. मी आधी फक्त स्पार्ताकने चॅम्पियन्स कप जिंकलेली वर्षं लिहिली होती: 1970 ते 1973 ओळीने चार, मग 1975, 1977, 1979, 1981, 1983, आणि 1985 ते 1988 पुन्हा ओळीने चार. रिकाम्या घरांत दुसऱ्यांची नावं भरली तेव्हा चित्र उठून आलं. 1974 लाइपझिग, 1976 बेलग्रेडचा रादनिच्की, 1978 बर्लिन, 1980 पुन्हा रादनिच्की, 1982 बुडापेस्टचा वाशाश, 1984 परत रादनिच्की. म्हणजे दहा-बारा वर्षं विषम साली स्पार्ताक, सम साली दुसरं कुणीतरी! रात्री साडेअकरा वाजता मी वही घेऊन उठून बसले.

आणि तिथेच चूक होणार होती. महिला हँडबॉल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं 1976 ला, माँट्रियलमध्ये. सोव्हिएत राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकही तुर्चिनच. मी लगेच लिहून टाकलं की ऑलिंपिकच्या तयारीत मुली दमत, म्हणून क्लब हरे. वाक्य छान होतं. पण 1984 ला सोव्हिएत संघ लॉस एंजेलिसला गेलाच नाही, बहिष्कार होता, तरी कप रादनिच्कीने नेला. आणि 1988 ला सोल ऑलिंपिक असूनही कप स्पार्ताकनेच जिंकला. वाक्य खोडलं. तुम्हालाही असं एखादं लाडकं कारण सापडेल. त्याच्याविरुद्ध जाणारं साल आधी शोधा. सापडलं तर फक्त तक्ता छापा, कारण लिहू नका.

स्पर्धेचं आणि गावाचं नाव त्या वेळी जे होतं तेच लिहा. स्पार्ताकने जिंकला तो चॅम्पियन्स कप. चॅम्पियन्स लीग हे नाव 1993 नंतरचं. स्पार्ताक म्हणजे रशियन संघ असंही लिहू नका. क्लब युक्रेनचा, देश तेव्हाचा सोव्हिएत संघ. स्पार्ताक हे मोठ्या क्रीडासंस्थेचं नाव असल्यामुळे मॉस्कोचा फुटबॉल क्लबही त्याच नावाचा, तेव्हा शोधताना कीव्ह आणि हँडबॉल दोन्ही शब्द घाला.

आता सरांबद्दल. बहुतेक महिला क्लबांच्या मागे एक सर असतात आणि सगळा इतिहास त्यांचाच होऊन बसतो. तुर्चिन यांनी 1962 मध्ये हा क्लब उभा केला, आयुष्य त्यात घातलं, आणि 1993 मध्ये बुखारेस्टला त्यांचं निधन झालं. त्यांचा मान त्यांना द्यायलाच हवा. पण सरांवर एक परिच्छेद लिहिलात की विचारा, तेव्हा मैदानात कोण होतं? मैदानात झिनाइदा होती. माँट्रियल आणि मॉस्को ऑलिंपिकचं सुवर्ण, आणि सोलला वयाच्या 42 व्या वर्षी कांस्य. आंतरराष्ट्रीय हँडबॉल महासंघाने तिला विसाव्या शतकातली सर्वोत्तम महिला खेळाडू ठरवलं. तिला ‘प्रशिक्षकांची पत्नी’ एवढ्यावर आटोपणं मला सहन होत नाही.

मुलाखतीला जाताना प्रश्नांची यादी नेऊ नका, चेंडू न्या. महिलांचा, 54 ते 56 सेंटिमीटर घेराचा. आमच्या जुन्या पिव्हटताईंकडे गेले तेव्हा त्या पोळ्या लाटत होत्या. सुरुवातीला ‘आता काही आठवत नाही गं’ एवढंच. मी चेंडू ओट्यावर ठेवला. त्यांनी हात पुसला, एका हातात चेंडू पकडून पाहिला, आणि पोळपाटाशेजारी सांडलेल्या पिठात बोटाने डी, म्हणजे गोलपुढची गोलाकार रेषा, काढली. ‘इथे उभी राहायची मी, डिफेन्सला पाठ लावून. पास इथून यायचा.’ मग पास देणारीचं नाव आलं, तिच्या गावाचं नाव आलं. पोळी करपली. मी पिठाचा फोटो काढला, तो आमच्या पुस्तकात आहे.

छापायला देण्याआधी नावांची यादी मोठ्या अक्षरात काढून प्रत्येकीच्या घरी न्या आणि तिच्यासमोर वाचा. फोनवर नको. आमच्या यादीत सात दुरुस्त्या निघाल्या. एकीने स्वतःच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘माहेरचं आधी लिही. मी त्याच नावाने खेळलेय.’