निबंध नको असलेल्या स्कॉलरशिपच्या मागे

आम्ही अमेरिकेत राहतो. आमच्या चिरंजीवांनी अकरावीतच जाहीर केलं होतं, "आई, निबंध मागणारी एकही स्कॉलरशिप मी भरणार नाही." मग एका शनिवारी जेवणाच्या टेबलावर बसून आम्ही दोघांनी 'नो एसे'वाले १४ फॉर्म भरले. नाव, जन्मतारीख, शाळा, मोबाइल नंबर, बटण दाबा, झालं. एकेकाला दोन मिनिटंही लागली नाहीत. सोमवारपासून माझा फोन वाजायला लागला. कुणाला आम्हाला कर्ज द्यायचं होतं, कुणाला कधी नावही न ऐकलेल्या कॉलेजात ॲडमिशन. स्कॉलरशिप मात्र एकही आली नाही. आम्ही चक्क लॉटरीची तिकिटं काढली होती, पैशांऐवजी स्वतःची माहिती देऊन.

सगळ्या सोडती खोट्या नसतात. सॅट ही प्रवेश परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या 'बिगफ्यूचर' वेबसाइटची सोडत खरी आहे, बक्षिसं ५०० पासून ४० हजार डॉलरपर्यंत. जरूर भरा, पण त्यासाठी वेगळा ईमेल काढा आणि सक्तीचा नसेल तिथे फोन नंबर टाकू नका. अर्जाची फी मागितली किंवा 'हमखास मिळेल' असं लिहिलेलं दिसलं, तर तिथूनच माघारी फिरा.

निबंधाशिवायचा खरा पैसा मार्कांवर मिळतो. आमच्या जॉर्जिया राज्यात 'होप' स्कॉलरशिप आहे. जीपीए, म्हणजे ४ पैकी मार्कांची सरासरी, ३.० हवा, शिवाय ठरावीक अवघड विषय घेतलेले हवेत. सरकारी कॉलेजात ट्यूशन फी सुटते. तिचा पैसा १९९३ पासून राज्याच्या लॉटरीतून येतो. म्हणजे लॉटरी आम्हाला लागलीच म्हणायची, तिकिटं तेवढी दुसऱ्यांनी काढली!

इथे आम्ही जवळजवळ आपटलो होतो. शाळेच्या गुणपत्रकावर ३.५ दिसत होते म्हणून मी निर्धास्त होते. 'जीएफ्यूचर्स' या राज्याच्या वेबसाइटवर खातं उघडून पाहिलं तर होपचा जीपीए ३.१. राज्य फक्त इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं आणि परकीय भाषा धरतं. बँड आणि पीई (शारीरिक शिक्षण) यांतले 'ए' ग्रेड तिथे कामाचे नाहीत. हे खातं नववीतच उघडा. आम्ही बारावीच्या सप्टेंबरात उघडलं आणि पुढचा महिनाभर मला नीट झोप नव्हती.

कॉलेजांची स्वतःची मेरिट स्कॉलरशिपही असते. युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामासारख्या ठिकाणी वेबसाइटवर जीपीए आणि सॅट-ॲक्ट या प्रवेश परीक्षांच्या मार्कांचा तक्ताच दिलेला असतो. आपली ओळ शोधायची, रक्कम वाचायची. वेगळा अर्ज बहुतेक वेळा लागत नाही, मात्र ॲडमिशनचा अर्ज त्यांच्या स्कॉलरशिपच्या तारखेआधी गेलेला हवा. ही तारीख कित्येकदा ॲडमिशनच्या शेवटच्या तारखेच्या बरीच आधी असते. नॅशनल मेरिट ही देशपातळीवरची स्कॉलरशिप मात्र फसवी आहे. सुरुवात पीएसॅट या सॅटच्या आधीच्या परीक्षेच्या मार्कांवर होते, पण सेमीफायनलिस्ट झालात की अर्जात निबंध येतोच. आमचा मुलगा तिथवर पोचलाच नाही, त्यामुळे तो वाद टळला.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. एच-४ वरच्या (आईवडिलांच्या एच-१बी नोकरी व्हिसावर आलेल्या) मुलांना फॅफ्सा या सरकारी अर्जातून केंद्राची मदत मिळत नाही, होपही नाही. दोन्हीसाठी सिटिझनशिप, ग्रीन कार्ड किंवा तसा पात्र दर्जा लागतो. कॉलेजच्या मेरिट स्कॉलरशिपला मात्र बऱ्याच ठिकाणी व्हिसा आड येत नाही. म्हणून एच-४ वाल्यांनी ते तक्ते आधी धुंडाळावेत. आणि बाहेरची एखादी स्कॉलरशिप लागलीच, तर कॉलेज आपली मदत तेवढ्याने कमी करणार का, हे फायनान्शियल एड ऑफिसला आधी विचारा. मेरीलँडने २०१७ मध्ये सरकारी कॉलेजांच्या या सवयीला कायद्याने लगाम घातला, बाकी बऱ्याच ठिकाणी ती चालूच आहे.

आमच्याकडे शेवटी होप मिळाली. ती टिकवायलाही ३.० लागतात, आणि एक तपासणी ३० क्रेडिट तासांना होते. मुलगा सध्या २६ वर आहे, आणि या सेमिस्टरला केमिस्ट्री आहे.